सरकारी कामकाज क्लाऊडवर गेलं, मग आमच्या पोरांसाठी काम कुठे आहे?

केंद्रचालक_ताई

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावात नऊ वर्षांपासून ऑनलाईन सेवा केंद्र चालवते. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, पीकविमा, सगळं माझ्या दोन कॉम्प्युटरवर होतं. प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही मनापासून विचारते आहे.

पहिला असा. सरकारचं सगळं आता क्लाऊडवर, म्हणजे दूरच्या भाड्याच्या कॉम्प्युटरांवर आहे, कितीही लोक आले तरी अडत नाही, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. मग जून उजाडला की ठप्प का होतं? गेल्या जूनमध्ये एक बाई आल्या. लेकीच्या डिप्लोमाच्या प्रवेशासाठी नॉन-क्रिमीलेअर काढायचं होतं. बाई धसकटं वेचायला जातात, ३०० रुपये रोज. पहिल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत बसल्या, चाक फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रोज बुडवून आल्या. तेव्हा कंपनीचं नेट गेलं. पत्र्यावर मोबाईल ठेवला, हॉटस्पॉट लावला, तर पैसे कापले गेले आणि पावती आली नाही. बाई मला काही बोलल्या नाहीत. पोरगी मात्र खाली मान घालून रडत होती. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा बोलते आणि ते काय असतं हे मलाच नीट माहीत नाही, याची मला लाज वाटते.

दुसरा प्रश्न धाकट्या भावाचा. त्याने आयटीआय इलेक्ट्रिशियन केलंय. सध्या एका ठेकेदाराकडे सोलर पंप बसवायला जातो. पुण्यातल्या एका क्लासने त्याला सांगितलं की सहा महिन्यांचा क्लाऊडचा कोर्स कर, ५५,००० रुपये भर, नोकरी हमखास. पेपरात रोज येतं की डेटा सेंटरमध्ये अमुक हजार कोटी आले, तमुक लाख रोजगार होणार. आईने सोयाबीनच्या पैशातले ४०,००० बाजूला काढून ठेवलेत. भरू का? ही कामं खरंच असतात का, असतील तर कुठे, आणि आमच्यासारख्यांना मिळतात का? ज्यांनी स्वतः पाहिलंय त्यांनी सांगावं.

नाईट_शिफ्ट_ऐरोली

ताई, पैसे भरू नका. निदान आत्ता तरी नाही.

मी नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये शिफ्ट टेक्निशियन आहे. सांगलीकडचा, आयटीआय इलेक्ट्रिशियन, तुमच्या भावासारखाच. लोक ज्याला क्लाऊड म्हणतात ते मी रोज रात्री हातात टॉर्च घेऊन चालत फिरतो. बाहेरून खिडक्या नसलेली इमारत. आत सर्व्हरचे, म्हणजे सगळ्यांचा डेटा सांभाळणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरांचे, रॅक एका मजल्यावर, आणि बाकी जवळजवळ सगळी जागा वीज आणि थंडावा यांनीच खाल्लेली. दोन वेगवेगळ्या फीडरवरून लाईट येते. ती गेली तर यूपीएसच्या बॅटऱ्या लोड धरतात आणि काही सेकंदांत डिझेल जनरेटर सुरू होऊन तो लोड उचलतात. त्या काही सेकंदांत कंट्रोल रूममध्ये कुणी श्वास सोडत नाही. मला अकरा वर्षं झाली, अजूनही सोडत नाही.

सर्व्हर जेवढी वीज घेतो तेवढ्याची शेवटी उष्णताच होते. म्हणून चिलर, पंप, पंखे. आमच्याकडे रोजचा एक आकडा काढतात, पीयूई. तो १.५ आला तर समजायचं की सर्व्हरला एक युनिट देताना वरची अर्धी युनिट थंडावा वगैरेत गेली. हा आकडा खाली आणणारा माणूस आमच्यात मोठा. त्यासाठी डिग्री लागतेच असं नाही. आमचा शिफ्ट इनचार्ज आयटीआयच आहे. कुठला व्हॉल्व्ह किती उघडा ठेवायचा हे त्याला पाईपला हात लावून कळतं.

आता माणसांचं. इमारत बांधत होते तेव्हा शेकड्यांनी होती. गवंडी, वेल्डर, केबल ओढणारे, डक्टवाले. दीड-दोन वर्षं. काम संपलं तसे पांगले. आता एका शिफ्टला आम्ही अकरा टेक्निशियन, शिवाय सिक्युरिटी आणि हाऊसकीपिंग. कॉम्प्युटरवाले दोन-तीनच दिसतात, डिस्क बदलणारे, केबल टोचणारे. बाकीचे कुठून काम करतात ते आम्हाला माहीत नाही. तेव्हा ‘हजारो कोटी आले’ म्हणजे आत हजारो माणसं, असा हिशेब करू नका.

वाईटही सांगतो. मी ठेकेदाराच्या पटावर आहे. सुरुवात १४,००० ला झाली, आज ३१,००० मिळतात. मध्ये दोनदा ठेकेदार बदलला. माणसं तीच, खुर्च्या त्याच, पण कागदावर आम्ही दोनदा नवे झालो आणि रजा शून्यावर आल्या. एवढं एक जरी निविदेत लिहिलं असतं, की ठेकेदार बदलला तरी माणसाची सेवा सलग धरावी, तर खूप झालं असतं.

भावाला म्हणावं वायरमनचं लायसन्स काढ, पुढे सुपरवायझरचं. यूपीएस आणि डीजीवर, म्हणजे डिझेल जनरेटरवर, वर्षभर हात चालव, कुठल्या हॉस्पिटलात, मॉलमध्ये, कुठेही. मग या पट्ट्यात ये. सोलर बसवतोय म्हणजे डीसी वायरिंग त्याला येत असणार, ते कामी येईल.

जुना_संगणक_कक्ष

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर मला थोडं मागून यावं लागेल. राज्यातल्या एका सार्वजनिक संस्थेच्या संगणक कक्षात मी एकतीस वर्षं काढली. निवृत्तीआधीची शेवटची सहा वर्षं तिथलं सगळं क्लाऊडवर हलवण्यात गेली. संस्थेचं नाव लिहीत नाही.

आधी आमची सर्व्हर रूम कशी होती ते सांगतो, म्हणजे सरकार या वाटेने का गेलं ते कळेल. जिन्याखालची खोली, आठ सर्व्हर, दोन एसी. एक एसी गळायचा, त्याच्याखाली कपडे भिजवायचं निळं टब. शनिवारी शिपाई ते ओतायला विसरला तर सोमवारी पाणी केबलींपर्यंत आलेलं असे. रोज संध्याकाळी बॅकअपची टेप काढून एका सहकाऱ्याच्या लोखंडी कपाटात ठेवायची. वर्षातले तीन दिवस अर्जांचा पूर यायचा, तेव्हा आठही सर्व्हर गुडघे टेकायचे. उरलेले दिवस ते फक्त खोली तापवायचे. नवी यंत्रं घ्यायची तर मागणी, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, फेरनिविदा. एकदा चौदा महिने लागले, आणि यंत्र आलं तेव्हा ते मॉडेल कंपनीने बंद केलं होतं.

हे दुखणं आपलंच नव्हतं. अमेरिकेचे पहिले संघीय मुख्य माहिती अधिकारी विवेक कुंद्रा, मूळचे दिल्लीचे. त्यांनी डिसेंबर २०१० मध्ये तिथल्या खात्यांसाठी ‘आधी क्लाऊड’ हे धोरण आणलं. फेब्रुवारी २०११ च्या त्यांच्या आराखड्यात मांडणी अशी होती की सरकार माहिती तंत्रज्ञानावर वर्षाला ८० अब्ज डॉलर खर्च करतं, त्यातलं सुमारे २० अब्जांचं काम क्लाऊडवर जाऊ शकतं. आपल्याकडे केंद्राने २०१३ मध्ये ‘मेघराज’चा, म्हणजे सरकारी क्लाऊडचा, आराखडा जाहीर केला, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये एनआयसीचा (केंद्राच्या संगणक संस्थेचा) राष्ट्रीय क्लाऊड सुरू झाला. पुढे खाजगी कंपन्यांची यादी झाली. डेटा देशातच राहणार, एसटीक्यूसीची, म्हणजे केंद्राच्या दर्जा तपासणाऱ्या यंत्रणेची, तपासणी झालेली असणार, अशा अटी घालून. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतली ईएसडीएस त्या यादीत आली, याचा मला त्या वेळी फार आनंद झाला होता. महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये स्वतःचं सार्वजनिक क्लाऊड धोरण जाहीर केलं. असं करणारं देशातलं ते पहिलं राज्य.

धोरणाचा कागद मी तीनदा वाचला. हेतू चांगलाच होता आणि आजही मला तो चांगलाच वाटतो. खरी अडचण लेखा शाखेत सुरू झाली. यंत्र विकत घेतलं की भांडवली खर्च, त्याचं लेखाशीर्ष ठरलेलं. क्लाऊड म्हणजे वीजबिलासारखं, जेवढं वापराल तेवढं. मग मी टिपणीत रक्कम काय लिहू? ‘वापरानुसार’ असं लिहिलं तर फाईल परत आली. शेरा होता, ‘नेमका आकडा नमूद करावा’. लेखाधिकारी चुकीचे नव्हते, आकड्याशिवाय मंजुरी देणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. शेवटी आम्ही वर्षभराची ठराविक क्षमता ठरवून तेवढ्याचाच कार्यादेश काढला. म्हणजे गरजेप्रमाणे वाढणारी वस्तू आणली आणि कागदाने तिला दोरी बांधून ठेवली.

ताई, तुमच्या जूनचं मूळ बरंचसं या दोरीत आहे. यंत्रं क्लाऊडवर असतात, पण कार्यादेशात लिहिलेल्या संख्येपलीकडे वाढवायची मुभा नसते. दुसरं म्हणजे कित्येकदा जुनाच प्रोग्रॅम उचलून तसाच भाड्याच्या यंत्रावर ठेवलेला असतो. तो एकाच डेटाबेसच्या दाराशी सगळ्यांना उभं करतो. बाहेर पन्नास काउंटर उघडले तरी आत कारकून एकच असेल तर रांग हलणार कशी? तिसरं, पैसे भरण्याचं दार वेगळ्या संस्थेचं, ओटीपीचं वेगळ्या. त्यातलं एक अडलं तरी तुमच्या पडद्यावर दिसतं ‘सर्व्हर डाऊन’. आणि चौथं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. भारतनेटची, म्हणजे सरकारच्या गावोगावच्या इंटरनेट योजनेची, केबल ग्रामपंचायतीपर्यंत आली तरी रस्त्याच्या कामाचा जेसीबी ती तोडतोच.

मांडणी नीट केली तर निभतं, हेही आपण पाहिलंय. २८ एप्रिल २०२१ ला कोरोना लसीच्या कोविन पोर्टलवर १८ वर्षांवरच्यांची नोंदणी उघडली. सुरुवातीला ते अडखळलं, पण त्या एका दिवसात एक कोटीहून जास्त नोंदी झाल्या. जिन्याखालच्या आठ सर्व्हरांकडून हे सात जन्मांत झालं नसतं.

आता माणसांचं सांगतो. ते मला सगळ्यात जास्त लागलेलं आहे.

आमची खोली बंद झाली तेव्हा तिच्यावर चार माणसं जगत होती, चौघं कंत्राटी. एक यूपीएसच्या बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर घालायचा आणि एसी बघायचा. एक रात्रपाळीचा पहारेकरी. दोघं ऑपरेटर, त्यातला एक रोज टेप बदलणारा. शेवटच्या दिवशी मी मुख्य स्विच खाली केला तेव्हा त्या खोलीत पंधरा वर्षांत पहिल्यांदा शांतता झाली. एसीचं पाणी टबात पडल्याचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. टेपवाला ऑपरेटर म्हणाला, ‘साहेब, आता मी उद्यापासून काय बदलू?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तो बीए होता. मी त्याला माझ्या शेजारी बसवून लिनक्स (सर्व्हर ज्यावर चालतात ती प्रणाली) शिकवायला लागलो. तीन महिने तो रोज घरी वहीत कमांड लिहून आणायचा. त्याच सुमारास आमच्याकडून एक मोठी चूक झाली. चाचणीसाठी सुरू केलेली यंत्रं दिवाळीच्या सुट्टीत कुणी बंद केली नाहीत. कार्यादेश ठराविक क्षमतेचा असला तरी चाचणीचं बिल वेगळं लागत होतं. ते नेहमीच्या अडीच पट आलं, आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघाला. तेव्हा कळलं की क्लाऊडला रोज संध्याकाळी फिरून दिवे मालवणारा माणूस लागतो. कुठलं यंत्र कशासाठी चालू आहे, कोणाला कशाची परवानगी आहे, बॅकअप खरोखर परत उघडतो का, हे रोज पाहणारा. ते काम या मुलाने उचललं. आठ महिन्यांत बिल निम्म्याच्या जवळ आणलं. इंजिनिअर नव्हता. हिशेबी होता आणि वहीत लिहायची सवय होती.

मी त्याच्यासाठी पद मागितलं. आमच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, ‘टंकलेखक’ हे पद होतं, ‘क्लाऊड’ या शब्दाचं एकही नव्हतं. प्रस्ताव दोनदा परत आला. तो मुलगा आता पुण्यात एका खाजगी कंपनीत हेच काम तिप्पट पगारावर करतो. संस्था तेच काम एका सल्लागार कंपनीकडून त्याहून महाग करून घेते. उरलेले तिघे घरी गेले. बॅटरीवाल्याचा मुलगा अजून सणाला फोन करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की धोरणाने यंत्रं हलवली, पदं हलवली नाहीत. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डेटा सेंटरना पायाभूत सुविधांचा दर्जा मिळाला, त्यामुळे त्यांना लांब मुदतीचं कर्ज सोपं झालं. ठीक आहे, इमारती हव्यातच. पण प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारच्या स्वतःच्या पटावर तीन-चार माणसं हवीत, ज्यांना हे बिल वाचता येतं, बॅकअप उघडून बघता येतो आणि कंपनीला ‘हे चुकतंय’ असं सांगता येतं. हा रोजगार लातूरला, परभणीला, गडचिरोलीला निर्माण होऊ शकतो. त्याला खिडक्या नसलेली इमारत लागत नाही.

बॅकअप दुसरीकडे आहे का हे कुणी पाहिलं नाही की काय होतं? २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली. सातशेहून जास्त सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रं ठेवायचा तिथला ‘जी-ड्राईव्ह’, ८५८ टेराबाईटचा, जळून गेला आणि त्याचा दुसरीकडे बॅकअप नव्हता. कोरियासारख्या देशात! ही बातमी वाचून मला आमचं लोखंडी कपाट आठवलं. त्यात निदान टेप होती.

भावाला ऐरोलीच्या दादांनी सांगितलंय तेच मीही सांगेन. त्याच्या हातात असलेलं काम सोडून ५५,००० भरू नका. कॉम्प्युटरची बाजू बघायचीच असेल तर एनपीटीएल या आयआयटींच्या ऑनलाईन शिक्षणाच्या पोर्टलवर आयआयटी खरगपूरचा क्लाऊड कॉम्प्युटिंगचा अभ्यासक्रम फुकट पाहता येतो, परीक्षा द्यायची तरच शुल्क. आधी चार आठवडे तो झेपतो का ते बघू दे.

आकडेमोड_पुणे

वरच्या दोघांनी आतलं सांगितलंच आहे. मी फक्त पेपरातल्या आकड्यांविषयी लिहितो, कारण माझं काम प्रकल्प अहवाल वाचण्याचं आहे आणि ताईंच्या घरात त्या आकड्यांच्या भरवशावर ४०,००० रुपये बाजूला निघालेत.

मे २०२३ मध्ये अमेझॉनच्या क्लाऊड शाखेने जाहीर केलं की २०३० पर्यंत भारतात १,०५,६०० कोटी रुपये गुंतवणार, आणि त्यातून दरवर्षी सरासरी १,३१,७०० पूर्णवेळ नोकऱ्यांइतकं काम भारतीय उद्योगांत टिकेल. बातमीच्या मथळ्यात याचं ‘सव्वा लाख नोकऱ्या’ होतं. मूळ वाक्यात ‘इतकं काम’ आणि ‘टिकेल’ असे शब्द आहेत. त्यात बांधकाम, देखभाल, अभियांत्रिकी, दूरसंचार असे पुरवठा करणारे सगळे उद्योग धरलेत. सिमेंटचा ट्रक चालवणाऱ्याचे चार महिने धरले, केबल कारखान्यातल्या कामगाराच्या वर्षाचा तुकडा धरला, ते सगळे जोडून पूर्णवेळ माणसं किती होतात ते काढलं. हिशेबाची ही पद्धत खोटी नाही, जगभर असेच अंदाज काढतात. पण त्या आकड्यात भरतीची जाहिरात शोधू नये. तो क्लास हाच आकडा भिंतीवर लावत असेल तर त्याला एकच विचारा: गेल्या बॅचमधल्या किती मुलांना, कोणत्या पदावर, किती पगारावर काम लागलं? लेखी द्या.

राज्याने सवलती देताना जागेवरच्या, कायम आणि स्थानिक अशा नोकऱ्यांचा आकडा वेगळा मागायला हवा. विजेत सूट देतो, जमीन देतो, मग हा आकडा मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

केंद्रचालक_ताई

तिघांचेही खूप आभार. काल रात्री जेवण झाल्यावर भावाला सगळं वाचून दाखवलं. ‘आता मी उद्यापासून काय बदलू’ हे वाचताना आई मध्येच उठून बाहेर गेली. आमचे वडील साखर कारखान्यात हंगामी होते, कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी असंच काहीतरी विचारलं होतं म्हणे.

क्लासला फोन लावला. आकडेमोड दादांनी सांगितलेला प्रश्न विचारला. ‘मॅडम, तुम्ही आधी रजिस्ट्रेशनचे दहा हजार भरा, मग डिटेल देतो,’ असं उत्तर आलं. नाही भरले. वायरमनच्या लायसन्सला काय कागद लागतात ते भावाने काढलंय. तो अर्ज मीच भरणार आहे. ऐरोलीच्या दादा, तुम्हाला त्याचा मेसेज आला असेल, जमेल तेव्हा बघा.

आता जुना संगणक कक्ष काका, तुम्हाला एक विचारायचं आहे. वहीत लिहायची सवय असलेल्या मुलाचं तुम्ही लिहिलंत. मी बारावी आणि एमएस-सीआयटी आहे, इंग्रजी वाचता येतं, बोलता येत नाही. पण गेली पाच वर्षं मी एक रजिस्टर ठेवलंय. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या पानावर अडकलं, काय मेसेज आला, पुन्हा कधी सुरू झालं, सगळं. लोक माझ्यावर आवाज चढवायचे, म्हणून लिहायला लागले, की बघा, माझी चूक नाही. याचा कुणाला काही उपयोग असतो का?

जुना_संगणक_कक्ष

ताई, फार मोठा उपयोग असतो. मी हे तुमचं मन राखायला म्हणत नाही.

पोर्टल कुठे अडकतं हे शोधायला कंपन्या माणसं नेमतात. ती माणसं कार्यालयात, चांगल्या नेटवर, दुपारी, रिकाम्या वेळी तपासतात. तुमच्या पत्र्यावरच्या हॉटस्पॉटवरून, जूनच्या गर्दीत काय होतं याची नोंद त्यांच्याकडे कधीच नसते. तुमच्या रजिस्टरमधली वेळ सर्व्हरच्या लॉगशी, म्हणजे त्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदीशी, लावून बघितली की अर्ज अडला तो आत, पैशाच्या दारात, की नेटवर, हे दहा मिनिटांत कळतं. एकाच केंद्राच्या नोंदीवरून हे कळतं, तर तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांनी असं लिहिलं तर काय होईल विचार करा. या कामाला निविदेत पैसे ठेवता येतात. सेवा केंद्रांकडून चाचणी आणि अडचण-नोंदणी, दर नोंदीला मानधन. एवढी एक अट घालायला नवा कायदा लागत नाही. मी ज्या समितीवर अधूनमधून जातो तिथे हे कागदावर मांडणार आहे, आणि मांडताना माझ्या हातात नमुना हवा.

जूनच्या कुठल्याही एका दिवसाचं पान जसंच्या तसं इथे टाका. नागरिकांची नावं आणि अर्ज क्रमांक गाळा. वेळ मिनिटांसकट लिहिली आहे का?

केंद्रचालक_ताई

आहे. त्या बाई पहिल्यांदा आल्या होत्या, त्या दिवसाचं पान देते.

१३ जून २०२५, शुक्रवार.
९.५० लॉगिन. लगेच झाले.
१०.०५ उत्पन्नाचा एक अर्ज गेला. पावती आली.
१०.३१ ‘कागदपत्रे जोडा’ या पानावर चाक. ७५ केबीचा फोटो.
१०.४४ बाहेर फेकले. पुन्हा लॉगिनला ओटीपी नाही.
११.२० दोन ओटीपी एकदम आले. दोन्ही चालले नाहीत.
११.४७ लॉगिन झाले. तोच अर्ज, तेच पान, पुन्हा चाक. नेट तपासले, दुसऱ्या साईट उघडतात.
१२.३० बाहेर १४ माणसे. नावे लिहून घेतली, सहा जणांना घरी पाठवले.
१.१५ ते २.५० काही नाही.
३.०५ बाई गेल्या. उद्या या म्हटले.
रात्री ११.५५ घरून लॉगिन केले. बाईंच्या अर्जाचे कागद पहिल्या झटक्यात जोडले गेले. चार मिनिटे लागली. पैसे भरायचे राहिले, ते उद्या बाई आल्यावर.